सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर आरोग्याचं संरक्षण नेमकं कधी सुरू होतं?

सरकारी नोकरीत वैद्यकीय सवलतीचा हक्क रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो. खासगी पॉलिसीत असतो तसा सुरुवातीचा तीस दिवसांचा प्रतीक्षाकाळ इथे नाही. आधीपासून मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड असेल तर "हा आजार तीन वर्षं धरणार नाही" अशीही अट नाही. परिविक्षाधीन काळ (प्रोबेशन) संपण्याची वाट बघावी लागत नाही.

मग अडतं कुठे? हक्क कागदावर पहिल्या दिवशी मिळतो, पण रुग्णालयाच्या काउंटरवर कार्ड मागतात, नेमणुकीचा आदेश नाही. रुजू होणं आणि कार्ड हातात येणं यांत काही आठवडे सहज जातात. अर्ज करायचाच राहिला असेल तर काही महिनेही जातात. घरातलं कुणी आजारी पडलं तर ते नेमकं याच काळात खिशाला बसतं. हा मधला काळ शक्य तितका आखूड करणं आणि तो संपेपर्यंत घर उघडं न ठेवणं, एवढ्यासाठी हा लेख आहे. मुख्य भर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांवर आहे, कारण तिथे पायऱ्या जास्त आणि चुकाही जास्त. राज्य कर्मचारी आणि कंत्राटी कर्मचारी यांच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

तुम्हाला कोणती व्यवस्था लागू आहे?

"सरकारी मेडिकल" नावाची एकच योजना नाही. नेमणुकीच्या आदेशात वैद्यकीय सुविधांचा एक परिच्छेद असतो. तो शोधून वाचा.

केंद्र सरकारच्या खात्यात असाल आणि मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरात राहत असाल, तर तुम्ही सीजीएचएसमध्ये येता. ही केंद्रीय आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. तिच्या क्षेत्रात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला ती बंधनकारक आहे आणि तिची वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते. केंद्राच्याच खात्यात आहात, पण नेमणूक सीजीएचएस नसलेल्या गावी आहे, तर १९४४ चे केंद्रीय वैद्यकीय परिचर्या नियम लागू होतात. त्यांना कार्यालयात सगळे "सीएस-एमए" म्हणतात. तिथे वर्गणी नाही, कार्ड नाही, सगळा कारभार बिलावर चालतो.

रेल्वेची स्वतःची रुग्णालयं आणि स्वतःचं उमीद कार्ड आहे, त्यामुळे रेल्वेवाल्यांनी यातलं सीजीएचएसचं काही स्वतःला लावून घेऊ नये. स्वायत्त संस्थांत मात्र फार गल्लत होते. संस्था केंद्राच्या पैशावर चालते म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याला सीजीएचएस आपोआप मिळत नाही. काही संस्थांची स्वतःची योजना असते, काहींना सीजीएचएस विशेष मंजुरीने लागू असते. आस्थापना शाखेला, म्हणजे कर्मचाऱ्यांची सेवाविषयक कागदपत्रं पाहणाऱ्या शाखेला, विचारताना "मेडिकल आहे का?" असं विचारू नका, "कोणत्या नियमाखाली आहे?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "आहे ना" असंच येतं.

सीजीएचएसच्या बाबतीत घरच्या पत्त्याचा पिनकोड महत्त्वाचा आहे. योजनेचं क्षेत्र पिनकोडवर ठरतं. कार्यालय मुंबईत आणि घर लोकलने दीड तासावर असेल, तर आपला पिनकोड कोणत्या वेलनेस सेंटरखाली येतो, की कुठल्याच येत नाही, हे अर्ज भरण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या. वेलनेस सेंटर म्हणजे पूर्वीची सीजीएचएस डिस्पेन्सरी. जुने कर्मचारी अजूनही डिस्पेन्सरीच म्हणतात.

रुजू होण्याआधी: जुनी पॉलिसी सोडू नका

खासगी कंपनीतून सरकारी नोकरीत येणाऱ्यांची पहिली चूक इथे होते. कंपनीचा गट विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. राजीनामा आणि रुजू होणं यांत पंधरा दिवस किंवा महिना मोकळा असेल, तर त्या काळात घरात कुणालाच संरक्षण नसतं. वर कार्ड यायला लागणारा वेळ वेगळा.

नोटीस काळातच कंपनीच्या विमा विभागाला लेखी विचारा की, या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येईल का. असं स्थलांतर केलं तर गट विम्यात काढलेल्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ जमेला धरला जातो. नोकरी सोडल्यावर दोन महिन्यांनी विचारलं तर नव्याने पॉलिसी घ्यावी लागते आणि सगळं शून्यापासून मोजलं जातं.

ज्यांची स्वतःची वैयक्तिक पॉलिसी आहे त्यांनी ती "आता सरकारी झालो" म्हणून लगेच बंद करू नये. कार्ड हातात येईपर्यंत तर नाहीच. आमचं स्पष्ट मत असं की आईवडील त्या पॉलिसीत असतील तर नंतरही नाही. कारण आईवडील सीजीएचएसमध्ये बसतीलच याची खात्री नाही, त्याविषयी पुढे येतंच. पॉलिसी एकदा खंडित झाली की साठीच्या पुढच्या माणसाला नवी मिळणं अवघड होतं, आणि मिळाली तरी जुन्या आजारांसाठी कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे हप्ता भरताना तेवढा भार कमी झाला आहे.

पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख रुजू होण्याच्या आसपास येत असेल तर ती वहीत लिहून ठेवा. गावं बदलणं, घर शोधणं, कागदपत्रं या धांदलीत हप्ता राहून जातो. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मिळते, पण त्या तीस दिवसांत आलेलं आजारपण धरलं जाईलच असं समजू नका.

रुजू होण्याचा दिवस

रुजू अहवाल देताना त्याची प्रत तारीख आणि शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा. सकाळी रुजू झालात की दुपारी, हेही त्यावर असतं. संरक्षण कधी सुरू झालं याचा वाद उद्या झालाच, तर हाच कागद तो मिटवतो.

त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म भरून घेतला जातो. तो घाईत भरू नका. वैद्यकीय सवलत, रजा प्रवास सवलत, निवृत्तिवेतन या सगळ्यांसाठी पुढे हाच तपशील पाहिला जातो. आईचं नाव आधारवर "सुमन", रेशनकार्डावर "सुमनबाई" आणि तुमच्या फॉर्मवर तिसरंच, असं झालं तर कार्डाचा अर्ज परत येतो. जन्मतारखेचंही तसंच. आधार, पॅन आणि सेवापुस्तक यांतली नावं अक्षरशः एक असतील असं बघा. जिथे तफावत आहे तिथे आधी आधार दुरुस्त करून मग फॉर्म भरणं जलद पडतं. नंतर सेवापुस्तकात दुरुस्ती करून घ्यायला जास्त वेळ जातो.

सीजीएचएस कार्डाचा अर्ज

अर्ज ऑनलाइन आहे. एप्रिल २०२५ पासून सीजीएचएस नव्या डिजिटल व्यवस्थेवर गेली आणि लाभार्थ्याची ओळख पॅनशी जोडली गेली. त्यामुळे पॅनवरचं नाव आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं आहे. पोर्टलवर जुन्या माहितीपत्रकांतले दुवे उघडत नसतील तर गोंधळू नका, नव्या पोर्टलवर खातं उघडा.

हाताशी हे ठेवा: नेमणुकीचा आदेश आणि रुजू अहवाल, वेतनस्तर आणि मूळ वेतन दाखवणारा कागद, राहत्या पत्त्याचा पुरावा, स्वतःचा आणि प्रत्येक अवलंबिताचा फोटो, प्रत्येकाचं आधार, मुलांचे जन्मदाखले आणि लागत असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला. राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर बरेच अर्ज अडतात, कारण आधारवर गावचा पत्ता असतो आणि घर भाड्याचं असतं. नोंदणीकृत भाडेकरार किंवा सरकारी निवासस्थानाचं वाटपपत्र जोडा.

अर्ज भरून झाला की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. अर्ज तुमच्या कार्यालयाने पडताळून सीजीएचएसकडे पुढे पाठवायचा असतो. तो कार्यालयाच्या टेबलावर पडून राहणं ही उशिराची सगळ्यात मोठी जागा आहे. अर्ज क्रमांक लिहून आस्थापना शाखेला एक ओळीचं पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि आठवड्याने विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. नवीन माणूस म्हणून गप्प बसलात तर नुकसान घरच्यांचं आहे.

मंजुरी मिळाली की लाभार्थी क्रमांक तयार होतो आणि कार्ड डाउनलोड करता येतं. प्रत्येक सदस्याचा क्रमांक वेगळा असतो. प्लास्टिकच्या कार्डाची वाट बघत थांबू नका. डाउनलोड केलेल्या कार्डाची प्रिंट घरात एक, पाकिटात एक आणि आईवडिलांच्या पिशवीत एक अशी ठेवा.

कार्डावर तीन गोष्टी लगेच तपासा: नावं, वेलनेस सेंटर आणि वॉर्डचा दर्जा. वॉर्डचा दर्जा मूळ वेतनावर ठरतो, त्यात महागाई भत्ता धरत नाहीत. ३६,५०० रुपयांपर्यंत सर्वसाधारण वॉर्ड, ३६,५०१ ते ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट आणि त्यापुढे प्रायव्हेट. स्तर ६ वर ३५,४०० मूळ वेतनावर रुजू झालेल्याला सर्वसाधारण वॉर्ड मिळतो. पहिली वेतनवाढ होऊन वेतन ३६,५०० झालं तरी सर्वसाधारणच, कारण मर्यादा "३६,५०० पर्यंत" अशी आहे. दुसऱ्या वेतनवाढीने ३७,६०० झालं की सेमी-प्रायव्हेट. स्तर ७ वर ४४,९०० ने सुरुवात करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सेमी-प्रायव्हेट, आणि ५२,००० ला पोहोचल्यावर प्रायव्हेट. वेतन वाढलं म्हणून कार्डावरचा दर्जा बदलला असेलच असं धरून चालू नका. ते बदलून घेणं तुमच्याकडे आहे. दर्जापेक्षा वरची खोली घेतली तर वरचा फरक खिशातून जातो.

पहिली पे स्लिप नीट वाचा

वजावटीच्या रकान्यात "सीजीएचएस" अशी ओळ असायला हवी. दरमहा वर्गणी स्तर १ ते ५ साठी २५० रुपये, स्तर ६ साठी ४५०, स्तर ७ ते ११ साठी ६५० आणि स्तर १२ पासून वर १,००० रुपये आहे. हे दर फेब्रुवारी २०१७ पासूनचे आहेत. कुटुंबात दोन माणसं असोत की सहा, वर्गणी तेवढीच.

नव्या कर्मचाऱ्याचा पहिला पगार उशिरा निघतो, कारण निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक आणि पगार प्रणालीतली नोंदणी व्हायची असते. म्हणून पहिली वजावट दुसऱ्या महिन्यात थकबाकीसह दिसू शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं दोन वेगळ्या गोष्टींना. पहिली, वजावट सुरू आहे पण कार्डाचा अर्जच केलेला नाही. पे स्लिपवर ६५० रुपये कापलेले दिसतात म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि रात्री दोन वाजता रुग्णालयात गेल्यावर कळतं की आपल्या नावावर क्रमांकच नाही. वजावट आणि कार्ड या दोन वेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी आहेत, एक झाली म्हणून दुसरी होत नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट: कार्ड आलं, पण वजावट सुरूच झाली नाही. मग बिल सादर केल्यावर लेखा शाखा वर्गणीचा हिशेब मागते आणि बिल थांबतं. पहिल्या तीन महिन्यांच्या पे स्लिपा म्हणूनच जपून ठेवा.

पती आणि पत्नी दोघंही केंद्र सरकारी असतील तर एकानेच, म्हणजे ज्याचा पगार जास्त त्याने, वर्गणी भरली तरी पुरतं. दोघांनाही आपापल्या आईवडिलांना घ्यायचं असेल तर दोघांनी भरण्याचा विचार करावा.

कुटुंबात कोण बसतं?

जोडीदाराला उत्पन्नाची अट नाही. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, कमावता होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तिथपर्यंत. दिव्यांग मुलाला वयाची अट नाही. अवलंबून असलेली अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा मुलगी, तिलाही वयाची अट नाही.

आईवडिलांचं गणित बारकाईने करावं लागतं. त्यांचं सगळ्या बाजूंनी मिळून मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत हवं. महागाई भत्ता ५८ टक्के धरला तर ही मर्यादा १४,२२० रुपये होते. भत्ता वाढला की मर्यादा आपोआप वाढते. उत्पन्नात निवृत्तिवेतन, घरभाडं आणि ठेवींवरचं व्याज सगळं आलं. वडिलांना शाळेचं पेन्शन असेल तर बहुधा ते बसत नाहीत. महिला कर्मचाऱ्याला आईवडील किंवा सासू-सासरे यांपैकी एक जोडी निवडता येते. हा पर्याय हवा तेव्हा बदलता येत नाही, म्हणून घरात बसून, कुणाला दुसरीकडून संरक्षण आहे हे पाहून मगच लिहून द्या.

आणखी एक अट अशी की, आईवडील सर्वसाधारणपणे तुमच्यासोबत राहत असले पाहिजेत. गावी शेतीवर राहणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत इथेच गाडी अडते. खोटं लिहून देऊ नका. ते प्रकरण पुढे शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जाऊ शकतं. त्यापेक्षा दुसरा मार्ग पाहा: वय ७० किंवा जास्त असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या सोयीत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. जे आधीच सीजीएचएसमध्ये आहेत त्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. सत्तरीच्या आतल्या आणि पेन्शन असलेल्या आईवडिलांसाठी खासगी पॉलिसीच टिकवून धरावी लागते.

लग्न झालं किंवा मूल झालं तर नाव आपोआप चढत नाही. जन्मदाखला हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

कार्ड येण्याआधीच आजारपण आलं तर

आधी उपचार करा. कागद नंतर, पण चोवीस तासांत सुरू करा.

कार्यालयाला ईमेल पाठवा: कोण दाखल आहे, कुठे, कधीपासून, आणि कार्डाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या क्रमांकाने केला. अर्ज केलाच नसेल तर त्याच दिवशी करा आणि तारीख आहे तशी लिहा, मागची घालू नका. खासगी पॉलिसी असेल तर तिथे लगेच कळवा आणि कॅशलेस तिच्यावर करा. हीच ती वेळ, जिच्यासाठी पॉलिसी सोडू नका असं वर सांगितलं.

रुग्णालयातून निघताना मुक्तीपत्र, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि "रुग्णाला तातडीने दाखल करणं आवश्यक होतं" असा डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. हा तातडीचा दाखला महिन्याभराने मागायला गेलं की डॉक्टर रजेवर असतात आणि फाइल रेकॉर्डरूममध्ये गेलेली असते. ही सगळी फाइल रुजू अहवालाच्या प्रतीसह विभागाकडे द्या. निर्णय विभाग घेतो. रुजू झाल्याची तारीख, अर्जाची तारीख आणि वर्गणीची वजावट हे तीन कागद एका रांगेत असतील तर तुमची बाजू भक्कम असते.

कार्ड असताना: तातडी आणि ठरवून केलेला उपचार

इथला फरक नव्या कर्मचाऱ्यांना कुणी समजावून सांगत नाही. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याला ठरवून केलेल्या उपचारांसाठी साधारणपणे आधी पैसे भरावे लागतात आणि मग विभागाकडून प्रतिपूर्ती घ्यावी लागते. सगळीकडे कॅशलेस हा प्रकार मुख्यतः निवृत्तांसाठी आहे. पण तातडीच्या प्रसंगात सीजीएचएसच्या यादीवरचं रुग्णालय वैध कार्ड दाखवल्यावर सेवेतल्या कर्मचाऱ्यालाही दाखल करून घ्यायला नाकारू शकत नाही आणि आगाऊ रक्कमही मागू शकत नाही. रुग्णालयाच्या करारातच तसं लिहिलेलं असतं. कार्ड लवकर काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर क्रम असा: वेलनेस सेंटरच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडून किंवा सरकारी तज्ज्ञाकडून शिफारस घ्या, यादीवरचं रुग्णालय निवडा, कार्यालयाची परवानगी लागत असेल तर ती दाखल होण्याआधी घ्या. मोठा खर्च असेल तर रुग्णालयाकडून अंदाजपत्रक घेऊन विभागाकडे अग्रिम मागता येतो. दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी मंजूर दराच्या ९० टक्क्यांपर्यंत अग्रिम मिळू शकतो. बिल मागाहून एमआरसी-एस या फॉर्मवर सादर करायचं.

प्रतिपूर्ती सीजीएचएसच्या दरानेच होते, रुग्णालयाच्या बिलाप्रमाणे नाही. १३ ऑक्टोबर २०२५ पासून हे दर बदलले आहेत. आता शहराची श्रेणी, रुग्णालयाला मानांकन आहे की नाही आणि वॉर्डचा दर्जा यांनुसार ते ठरतात. यादीबाहेरच्या रुग्णालयात तातडीने दाखल झालात तर पैसे मिळतात, पण याच दराच्या मर्यादेत. दोन लाखांचं बिल झालं आणि मंजूर झाले ऐंशी हजार, असं होऊ शकतं. घराजवळची यादीवरची दोन रुग्णालयं आजच शोधून त्यांचे रात्रीचे फोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

खासगी पॉलिसी आणि सीजीएचएस दोन्ही असतील तर आधी विमा कंपनीकडे मूळ बिलं द्या. तिने जे दिलं ते वजा करून उरलेल्या रकमेची मागणी विभागाकडे करता येते. सोबत विमा कंपनीने साक्षांकित केलेल्या बिलांच्या प्रती आणि तिने किती रक्कम दिली याचं पत्र लागतं. दोन्हींकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळत नाही.

सीजीएचएसचं कार्ड देशातल्या कोणत्याही वेलनेस सेंटरवर चालतं. प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात पाठवलं तर हे विसरू नका.

सीजीएचएस नसलेल्या गावी नेमणूक

इथे १९४४ चे नियम रुजू झाल्यापासूनच लागू होतात आणि कार्डाची भानगड नाही, म्हणून सुरुवात सोपी. पण बाहेरून कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन बिल लावता येत नाही. अधिकृत वैद्यकीय परिचारक, म्हणजे एएमए, कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात कार्यालयाकडून लेखी घ्या. तो सरकारी डॉक्टर असतो किंवा विभागाने नेमलेला खासगी डॉक्टर. एएमएला न दाखवता घेतलेल्या औषधांचं बिल बहुतेक वेळा परत येतं.

बिलासोबत आवश्यकता प्रमाणपत्र लागतं: बाह्यरुग्ण उपचारांसाठी "अ", दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी "ब". लोक "ब" च्या जागी "अ" जोडतात आणि फाइल फिरत राहते. प्रत्येक पावतीवर डॉक्टरांची सही आणि औषधाचं नाव प्रमाणपत्रात असलं पाहिजे. टॉनिक, साबण, प्रोटीन पावडर यांचे पैसे मिळत नाहीत, त्यांची पावती वेगळी करून घ्या म्हणजे सगळ्या बिलावर शेरा बसत नाही.

महाराष्ट्र शासनाचे कर्मचारी

राज्यात १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम आहेत. वर्गणी नाही, रुजू झाल्यापासून हक्क. मूळ कल्पना सरकारी रुग्णालयात उपचार अशी आहे. खासगी रुग्णालयाच्या बिलासाठी सार्वजनिक आरोग्य विभागाचा १९ मार्च २००५ चा शासन निर्णय पाहावा लागतो. त्यात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. खासगीत दाखल व्हायची वेळ आली तर आजार त्या यादीत कोणत्या नावाने बसतो हे डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट उतरलं पाहिजे. "ताप व अशक्तपणा" असं लिहिलेल्या कार्डावर बिल मंजूर होणं कठीण जातं, मग प्रत्यक्षात आजार कितीही गंभीर असो. खोटं निदान लिहून घ्या असं आम्ही म्हणत नाही, खरं निदान पूर्ण लिहून घ्या.

बिलाची पडताळणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयामार्फत होते आणि अनुदान उपलब्ध झाल्यावर पैसे येतात. हा काळ लांबतो. म्हणून राज्य कर्मचाऱ्याने कॅशलेस खासगी पॉलिसी ठेवणं जास्त गरजेचं आहे, केंद्रवाल्यांपेक्षाही. पोलिसांसाठी स्वतंत्र कुटुंब आरोग्य योजना आहे, तिचं कार्ड आपल्या पोलीस घटकाच्या कल्याण शाखेतून काढून घ्या. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही खुली झाली आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. रेशनकार्डात आपलं आणि मुलांचं नाव आहे का, एवढं बघून ठेवा.

एजन्सीमार्फत लागलेले कंत्राटी कर्मचारी

टेबल सरकारी, पण मालक एजन्सी. अशांना वरचं काहीच लागू नाही. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. ईएसआयसीत स्वतःचे आणि कुटुंबाचे वैद्यकीय उपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणातल्या रजेचा भत्ता मात्र लगेच मिळत नाही. त्यासाठी आधीच्या अंशदान काळात (वर्गणी मोजण्याच्या सहा महिन्यांत) किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं, आणि नव्याने लागलेल्याला सुमारे नऊ महिने थांबावं लागतं.

कामावर गेल्यावर दहा दिवसांत विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड मागा. एजन्सी "पुढच्या महिन्यात करू" म्हणाली तर पहिल्या पगारातली वजावट पाहा. वजावट आहे आणि क्रमांक नाही, तर ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात पे स्लिप घेऊन थेट जा. एजन्सी बदलली तरी जुना विमा क्रमांकच पुढे चालवायला सांगा. नवा काढला तर मागचं अंशदान जमेला धरलं जात नाही.

नियमित सरकारी कर्मचाऱ्याच्या पे स्लिपवर आणखी एक वजावट दिसेल, "गट विमा" किंवा "सीजीईजीआयएस" अशी. ती आयुर्विमा आणि बचतीची आहे. रुग्णालयाच्या बिलाशी तिचा काही संबंध नाही. केंद्रात तिचं पूर्ण सदस्यत्व रुजू झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होतं, तोवर कमी वर्गणीत फक्त विम्याचा भाग चालू असतो. "१ जानेवारीपासून विमा सुरू होणार" हे वाक्य आस्थापना शाखेत ऐकून अनेक जण आरोग्य कार्डाचा अर्जही जानेवारीपर्यंत ठेवून देतात. ते वाक्य या दुसऱ्या वजावटीविषयी असतं. कार्डाचा अर्ज रुजू झाल्याच्या आठवड्यातच द्या.